छत्तीसचा आकडा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. माझी कंबर सध्या ३७ इंच आहे. गेल्या दिवाळीत ती ४२ होती आणि डॉक्टरांचं म्हणणं असं, की ती ३५ च्या आसपास येऊन थांबली तर शुगर, कोलेस्टेरॉल वगैरे मंडळी जरा दबून राहतील. म्हणजे मी सध्या वाटेत आहे. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस लोणावळ्याला असतो, तसा. आता लोणावळ्याला पोचलेल्या माणसाला कोणी ‘पुणं येईपर्यंत चहा पिऊ नकोस’ असं म्हणत नाही. मला मात्र गेले अकरा महिने जो उठतो तो एकच गोष्ट सांगतोय, ‘आत्ता कपडे घेऊ नकोस. एकदाचा काय तो बारीक हो, मग घे!’

माझं भांडण या वाक्याशी आहे.

हे वाक्य निरनिराळ्या तोंडांतून निरनिराळ्या चालींवर येतं. आमची ही ते काटकसरीच्या चालीवर म्हणते. ‘अहो, आणखी चार महिन्यांनी तेही ढगळे होतील. कशाला पैसे घालवायचे?’ माझा मेहुणा ते अधिकारवाणीनं म्हणतो, कारण २०१८ च्या सुमारास घराघरात ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद पेटला होता, तेव्हा त्यानं पंचावन्न मिनिटांत दोन वेळा जेवून नऊ किलो उतरवले होते. (पुढे त्यातले अकरा परत आले, पण अधिकार तेवढा राहिला.) आमच्या शाखेतला कॅशियर ते शंकेच्या चालीवर म्हणतो. ‘घ्या हो साहेब, पण परत वाढलं तर?’ तिन्ही चालींचा अर्थ एकच. मी आज जो काही आहे तो खरा मी नव्हे. खरा मी फेब्रुवारी-मार्चमध्ये येणार आहे. तोपर्यंत जो या घरात राहतो, डोंबिवली फास्ट पकडतो आणि काउंटरवर बसतो, तो सस्पेन्स खात्यातला माणूस आहे.

बँकेत सस्पेन्स खातं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही, ती तिथं ठेवतात. ती कोणाच्याच मालकीची नसते. तिला व्याज मिळत नाही. पण त्या खात्यात रक्कम जास्त दिवस पडून राहिली, तर ऑडिटर येऊन झापतो. माणसाला अकरा महिने तिथं ठेवलं तर झापायला कोणीच येत नाही.

बरं, या अकरा महिन्यांत मी घालायचं काय? तर जुनंच. जुन्या पँटी ४२ च्या. पहिले दोन इंच पट्ट्यानं सांभाळले. मग स्टेशनबाहेरच्या चप्पल दुरुस्तीवाल्याकडून पट्ट्याला दोन भोकं पाडून घेतली. मग आणखी दोन. पट्ट्याचं टोक हळूहळू पुढे सरकत पाठीपर्यंत पोचलं आणि मला शेपूट आहे असा भास होऊ लागला. पुढे पँटीला इतक्या चुण्या पडू लागल्या, की लांबून पाहणाऱ्याला मी परकर नेसलोय असं वाटावं. आणि हे सगळं लोकलच्या दारात! एका हातात डबा असलेली बॅग, दुसऱ्या हातानं वरची कडी धरलेली आणि कोपर स्टेशन आलं की पँट खाली निघाली. तिसरा हात देवानं फक्त देवांनाच दिला आहे.

शेवटी एक पँट अल्टर करायला टाकली. दुकानदारानं बजावलं होतं, ‘दोन इंचांपर्यंत घ्या, त्याच्यावर नका घेऊ.’ मी म्हटलं, घ्या हो पाच. त्यानं घेतले. मागची शिवण आत घेतली की दोन्ही बाजूंचे खिसे मध्ये सरकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हिंदी सिनेमात जत्रेत हरवलेले भाऊ शेवटच्या रिळात भेटतात, तसे माझे मागचे दोन खिसे एकमेकांना कडकडून भेटले होते. पाकीट डाव्या खिशात ठेवलं काय नि उजव्या खिशात ठेवलं काय, बसायचं मणक्यावरच.

पण कपड्यांची गंमत एवढ्यावर थांबली असती तर मी लेख लिहिला नसता. खरा त्रास वेगळाच. ढगळ कपड्यांतला उतरलेला माणूस बारीक झालेला दिसत नाही. तो आजारी दिसतो. हा नियम कोणी तपासून पाहावा. तेच शरीर, तोच चेहरा. मापाचा शर्ट घातला तर लोक म्हणतात, ‘वा! काय करता काय?’ आणि जुना घातला तर आवाज खाली आणून विचारतात, ‘काय हो, काय निघालं?’ माझ्या काउंटरवर एक आजी दर महिन्याला पासबुक भरून घ्यायला येतात. त्यांनी तीन महिने माझ्या कॉलरकडे पाहिलं आणि चौथ्या महिन्यात पासबुकाबरोबर एका डॉक्टरांचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी सरकवली. वर म्हणाल्या, ‘माझ्या जावयाला गुण आला. तुम्ही लहान आहात, घाबरू नका.’ रोज पहाटे पाच किलोमीटर चालून, भात सोडून, वडापावाच्या गाडीवरून मान खाली घालून जाऊन मी जे मिळवलं, त्याचं फळ म्हणजे ही चिठ्ठी! आईला सोसायटीतल्या बायका जिन्यात गाठून विचारू लागल्या. आईनं मला काही विचारलं नाही. पण एके दिवशी माझ्या पानात न मागता तुपाची धार पडली, तेव्हा मी काय ते समजलो.

म्हणून दसऱ्यानंतरच्या रविवारी मी उठलो आणि कपडे घ्यायला निघालो. दिवाळी तोंडावर होती. डोंबिवलीकरांना फडके रोडची दिवाळी पहाट सांगायला नको; बाहेरच्यांसाठी एवढंच, की त्या दिवशी सकाळी सगळं गाव नवे कपडे घालून गणपतीच्या देवळाकडे निघतं आणि एकमेकांचे कपडे पाहतं. गेल्या वर्षी मी ४२ च्या पँटीत गच्च बसलो होतो. यंदा त्याच पँटीत दोघं जाऊ शकलो असतो, पण ही म्हणाली, बरं दिसत नाही.

दुकानाचं नाव सांगत नाही. दुकान मोठं, वातानुकूलित. शिरल्याबरोबर एका मुलानं मला आपादमस्तक पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत मागे वळून ओरडला, ‘अंकलसाठी प्लस साइज दाखव रे!’ दुकानात त्या वेळी किमान तीस गिऱ्हाइकं होती. तीसच्या तीस वळली. मी म्हटलं, ‘सदतीस द्या.’ तो हसला. ‘सर, सदतीस नाय येत. छत्तीस नायतर अडतीस.’

मी दोन्ही घेऊन ट्रायल रूममध्ये गेलो. ट्रायल रूम कोणी शोधून काढली ते ठाऊक नाही, पण त्याचा पोलीस खात्याशी संबंध असावा असा मला संशय आहे. तीन बाजूंना आरसे, डोक्यावर बरोबर मधोमध दिवा, त्यामुळे पोट असेल त्याहून पुढे आणि केस असतील त्याहून कमी दिसतात. दाराऐवजी पडदा, आणि तो पडदा कुठल्याही एकाच बाजूला पुरतो. आत माणूस एका पायावर उभा असतो तेव्हाच बाहेरून आवाज येतो, ‘बसली का सर?’ छत्तीस बसत नव्हती. अडतीस थांबत नव्हती. छत्तीसचं बटण लागलं, पण ते लागल्यावर मला ‘हो’ म्हणायला श्वास उरला नाही. तीन आणि सहा हे आकडे एकमेकांकडे पाठ करून का बसतात, ते त्या दिवशी मला कळलं. बाहेर आलो तर तो मुलगा म्हणतो, ‘सर, अजून दोन-तीन महिने थांबा. मग छत्तीस एकदम फिट!’ म्हणजे ते वाक्य इथंही येऊन बसलं होतं. पगारी माणसाच्या तोंडी!

त्या रविवारी मी तीन दुकानं पालथी घातली. एका दुकानात मला ३६ सैल झाली, दुसऱ्यात ३८ घट्ट, तिसऱ्यात ४० काढावी लागली. अकरा ते दीड या अडीच तासांत माझी कंबर चार इंचांनी वाढली, तेही मधे फक्त ताक प्यालो असताना. मी कॉमर्सचा माणूस. आमच्यात शंभर म्हणजे शंभर. मी खिशातून टेप काढली (हिच्या शिवणाच्या डब्यातली, न विचारता आणलेली) आणि पँटीच मोजल्या. ३६ लिहिलेली एक साडेसदतीस भरली! गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कंपनी आकडा कमी लिहिते. उद्या आम्ही गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून पासबुकात शिल्लक जास्त लिहिली तर चालेल?

आणि मंडळी, या आकड्यांपुढे आपण मान खाली घालतो! अमेरिकेत सरकारनं १९३९-४० साली सुमारे १५,००० बायकांची टेपनं मापं घेतली, त्यांच्या आधारानं १९५८ मध्ये बायकांच्या कपड्यांचे प्रमाणित साइझ ठरवले आणि १९८३ मध्ये ते गुंडाळून ठेवले. आपल्याकडे तर रेडिमेडवाले वर्षानुवर्षं अमेरिकी आणि विलायती तक्त्यांवरच भागवत आले. मग निफ्ट या संस्थेनं ‘इंडिया साइज’ नावाची पाहणी हाती घेतली. मुंबईसह सहा शहरांतली २५,००० माणसं यंत्रासमोर उभी करून मोजायची असं ठरलं. म्हणजे जो आकडा बसत नाही म्हणून मी आरशासमोर ओशाळा होत होतो, तो आकडा मला पाहून केलेलाच नव्हता. इतकंच काय, कमरेचंही एकमत नाही. डॉक्टर टेप धरतात ती बरगड्या संपतात आणि कमरेचं हाड सुरू होतं त्याच्या मधोमध. शिंपी धरतो ती पोटाच्या खाली, जिथं पँट बसते तिथं. ज्याला पोट आहे त्याला दोन कंबरा आहेत. माझी शिंप्याकडची ३७ आहे. डॉक्टरांकडची विचारू नका.

आता हिच्या काटकसरीच्या मुद्द्याकडे वळतो, कारण तो एकटाच मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मधल्या मापाच्या दोन पँटी शिवल्या, कापडासकट तीन हजार रुपये. मी त्या किती दिवस घालणार? आठ महिने धरू. महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे दोनशे दिवस. दिवसाला पंधरा रुपये. पंधरा रुपयांत गाडीवर एक वडापाव येतो, आणि तो मी अकरा महिन्यांपूर्वीच सोडला आहे. हिशेब जमेला जमा, नावे नावे, ताळा जुळला. शिवाय ‘चार महिन्यांनी ढगळे होतील’ हे म्हणणाऱ्यांनी चिरंजीवांच्या शाळेचे गणवेश दर वर्षी नवे घेतलेत. तेव्हा कोणी म्हणालं नाही, की त्याची उंची पुरी होऊ दे, मग एकदमच घेऊ. तोवर त्याला गुंडाळून पाठवू.

मेहुण्याचा मुद्दा त्याहून खोल आहे म्हणे. कपडे अंगाबरोबर बसू लागले की माणसाला समाधान वाटतं आणि तो थांबतो; म्हणून कपाटात एक लहान मापाची पँट टांगून ठेवावी, रोज बघावी, म्हणजे प्रेरणा मिळते. त्यानं स्वतःच एक ३४ ची आणून दिली. मी ती रोज पाहिली. प्रेरणा मिळाली नाही. कपाट उघडायचं मी टाळू लागलो. उलट ढगळ पँटीसारखी लाडावून ठेवणारी वस्तू जगात नाही. तिच्यात तुम्ही चार पुरणपोळ्या खा, ती हूं की चूं करत नाही. मापाची पँट दुसऱ्या पोळीला पहिली नोटीस काढते आणि तिसरीला खातं गोठवते. आमच्याकडे रोजच्या रोज व्यवहार तपासायला कॉन्करन्ट ऑडिटर बसतो, तसा तो पोटावर बसलेला ऑडिटर आहे. तो काढून टाकून वर्षाअखेरीस एकदम ताळेबंद पाहू म्हणणाऱ्या संस्थांचं पुढे काय होतं, ते आम्ही बँकवाल्यांनी पाहिलंय.

कॅशियरच्या ‘परत वाढलं तर?’ला माझ्याकडे उत्तर नाही. वाढेलही. पण परत वाढणारा माणूसही नागवा हिंडणार नाही.

खरं सांगायचं तर हे सगळे मुद्दे मला नंतर सुचले. आधी आठवले ते अण्णा. अण्णा रेल्वेतून निवृत्त झाले होते. शेवटची दोन वर्षं ते खचत गेले. २०१३ मध्ये गेले. दर नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो मोबाइलवरून, बोटाच्या ठशावर द्यायची सोय २०१४ पासून झाली. तेव्हा बँकेत जाऊन समोर बसावं लागे. मी त्यांना घेऊन जायचो. दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसानं फोटोकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘हे तेच का?’ त्यानं मुद्दाम विचारलं नाही. मीही रोज तेच काम करतो. अण्णांनी कॉलर हातानं आवळून धरली. आत दोन मानी मावतील एवढी ती कॉलर झाली होती. घरी येताना रिक्षात म्हणाले, ‘एखादा सदरा शिवायला टाकू या का रे? हे सगळे मोठे होतात.’ मी म्हटलं, ‘अण्णा, तब्येत जरा भरू दे. मग चांगले दोन शिवू.’

तेव्हा मी ते वाक्य म्हटलं होतं. अगदी मायेनं म्हटलं होतं.

असो. तर रेडिमेडला नमस्कार करून मी आमच्या गल्लीतल्या मास्तरांकडे गेलो. मास्तरांचं दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्री आणि मास्तर. आरसा आहे, पण त्यावर निम्मी गणपतीची दिनदर्शिका लावलेली असल्यामुळे त्यात माणूस सोयीपुरताच दिसतो. मास्तरांनी टेप टाकली, वहीची मागची पानं उलटली, माझं जुनं माप काढलं, त्यावर काट मारली आणि खाली नवं लिहिलं. सदतीस. अभिनंदन नाही, चौकशी नाही, ‘प्लस’ नाही. मीच न राहवून म्हटलं, ‘मास्तर, अजून उतरायचंय हो. की थांबू जरा?’

मास्तर म्हणाले, ‘थांबायचं कशाला? मागच्या शिवणीत दीड-दोन इंच माया ठेवतो. उतरलात तर आत घेऊ, चढलात तर सोडू.’

ज्यांनी आयुष्यभर रेडिमेडच घातलं त्यांना सांगायला हवं, की शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. बायकांना हे शास्त्र पहिल्यापासून ठाऊक. ब्लाउजच्या आत दोन-दोन, तीन-तीन शिलाया मारून ठेवलेल्या असतात. अंग भरलं की एक उसवायची, पुढे. त्यावर कोणी व्याख्यान देत नाही आणि कोणाला प्लस म्हणत नाही. रेडिमेडवाला मात्र कापड वाचवायला अर्ध्या इंचावर ओव्हरलॉक मारून मोकळा. त्यात तुम्ही बसा, नाहीतर तुमचं तुम्ही पाहा.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दोन पँटी आणि तीन सदरे मिळाले. पहाटे फडके रोडला गेलो. मेहुणा भेटला. त्यानं मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाला, ‘बरा दिसतोयस. पण जरा दम धरला असतास तर...’ मी फराळाचं आमंत्रण देऊन पुढे सरकलो. सोमवारी आजी पासबुक भरायला आल्या. चष्मा वर करून पाहिलं. ‘गेला होतात ना त्या डॉक्टरांकडे?’ मी हो म्हणालो. मास्तरांचं नाव सांगायचं मनात आलं होतं, पण मागे रांग होती.

ती ३४ ची प्रेरणा मी चिरंजीवांना देऊन टाकली. परवा ते कंबर धरून आले. ‘बाबा, टाइट होतेय.’ कॉलेजातलं पहिलं वर्ष. कँटीन आहे, चालायचंच. मास्तरांकडे घेऊन गेलो. त्यांनी पँट उलटी केली, शिवण चाचपली आणि मान हलवली. आत माया नव्हती. नवीच शिवायला टाकली आहे. शनिवारी मिळेल म्हणालेत, म्हणजे मंगळवार धरायला हरकत नाही.